पाणी, रेल्वे आणि माउथ ऑर्गन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



चित्रपटावर रेडिओवरून बोलायचं म्हणजे पक्वान्नांचं वर्णन ऐकवून पाहुण्यांना उपाशी उठवण्यासारखं आहे, असं कुणी म्हणेल. एरवी मीही मान डोलावली असती. पण आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, तो या नियमाला अपवाद आहे. डोळे मिटून नुसता ऐकला तरी त्यातलं निम्मंअधिक हाती लागतं. चित्रपटाचं नाव 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. साल १९६८. दिग्दर्शक सर्जिओ लिओने, राहणार रोम, इटली. नावात 'वेस्ट' म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग, तिथले घोडेस्वार, पिस्तुलं आणि वाळवंट. आणि दिग्दर्शक मात्र इटालियन. या गमतीकडे आपण नंतर येऊच. आधी कान देऊन पहिली दहा-बारा मिनिटं ऐकूया.

एक ओसाड रेल्वे स्टेशन आहे. लांबलचक धुळकट कोट घातलेली तीन माणसं तिथे येतात. तिकीट देणाऱ्या म्हाताऱ्याला कोंडून ठेवतात आणि गाडीची वाट पाहत बसतात. बस्स, एवढंच घडतं. पण आवाज ऐका. पाणी उपसणारी पवनचक्की करकरतेय. कित्येक वर्षांत तिला वंगण मिळालेलं नाही. तारयंत्र टकटक करतंय. एकाला त्या टकटकीचा त्रास होतो आणि तो वायरच उपटतो. दुसरा बोटं मोडतो, एकेक करून. तिसरा पाण्याच्या टाकीखाली उभा आहे. टाकी गळतेय आणि थेंब त्याच्या टकलावर पडतोय. टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्. तो जागचा हलत नाही, नुसती हॅट चढवतो. आता थेंबाचा आवाज बदलतो. पहिल्याच्या तोंडावर माशी बसते. तो ती फुंकरीनं उडवू पाहतो आणि शेवटी पिस्तुलाच्या नळीत पकडतो. मग नळी कानाशी धरून आतली गुणगुण ऐकत बसतो.

एवढ्या वेळात पार्श्वसंगीताचा एक सूरही नाही. संवाद जवळजवळ नाहीतच. गाडी येते, थांबते. कुणीच उतरत नाही. तिघे परत फिरणार इतक्यात गाडी हलते, आणि रुळांच्या पलीकडून एका माउथ ऑर्गनचा रडका, खेचलेला सूर येतो. गाडी पुढे सरकते तसा पलीकडे उभा असलेला माणूस दिसतो. तो विचारतो, माझ्यासाठी घोडा आणलाय का? तिघे हसतात, एक घोडा कमी पडला म्हणतात. तो मान हलवतो. त्याच्या हिशेबानं दोन घोडे जास्तच आहेत. पुढच्या क्षणी गोळ्या सुटतात. इतकं ताणून धरलेलं दोन सेकंदांत संपतं, आणि करकर पुन्हा ऐकू येऊ लागते.

हे सारं वर्णन करताना मला कॅमेऱ्याबद्दल फारसं काही सांगावं लागलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज सहसा वापरत नसत. एक नट इंग्रजीत बोले, दुसरा इटालियनमध्ये, तिसरा स्पॅनिशमध्ये. सगळं नंतर स्टुडिओत डब होई. म्हणजे पडद्यावर ऐकू येणारा प्रत्येक आवाज कुणीतरी विचार करून, निवडून तिथे ठेवलेला असे. लिओनेनं या अडचणीची कला केली. कुठला आवाज ठेवायचा यापेक्षा कुठला काढून टाकायचा, हे त्याला फार चांगलं कळत होतं.

शेवयांचा वेस्टर्न

आता त्या गमतीकडे येऊ. १९६०च्या दशकात इटलीत, अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गोष्टी सांगणारे चित्रपट शेकड्यांनी निघाले. चित्रीकरण बहुतेकदा स्पेनच्या दक्षिणेला, अल्मेरियाच्या उजाड माळांवर होई. पैसा थोडा, घाई फार. परदेशी समीक्षकांनी त्यांना नाव ठेवलं 'स्पॅगेटी वेस्टर्न'. आपल्या भाषेत 'शेवयांचा वेस्टर्न' म्हणा. नाव कुत्सितपणे दिलेलं होतं. इटालियन माणसानं शेवया खाव्यात, अमेरिकेच्या गोष्टी सांगू नयेत, असा त्यातला भाव. पुढे हेच नाव मानाचं झालं.

त्याचं श्रेय प्रामुख्यानं लिओनेकडे जातं. १९६४ साली त्यानं 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला. श्रेयनामावलीत स्वतःचं नाव लावलं बॉब रॉबर्टसन, कारण इटालियन माणसाचा वेस्टर्न पाहायला इटालियन प्रेक्षकही येणार नाहीत अशी धास्ती होती. कथा होती अकिरा कुरोसावाच्या १९६१ सालच्या 'योजिंबो' या जपानी चित्रपटाची, आणि तीही परवानगी न घेता. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, तडजोड झाली आणि उत्पन्नातला वाटा जपानला द्यावा लागला. पुढे १९६५ आणि १९६६ मध्ये आणखी दोन चित्रपट आले. त्यातला 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक आहे. निदान त्याची शीळ तरी. या तिन्हींनी क्लिंट ईस्टवूड नावाच्या टीव्ही मालिकेतल्या नटाला जगभर पोचवलं. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' त्यानंतरचा. कथा लिहायला लिओनेबरोबर दोन तरुण बसले होते, बर्नार्दो बर्तोलुची आणि दारिओ अर्जेंतो. पुढे दोघेही स्वतः नामवंत दिग्दर्शक झाले.

श्रोतेहो, आम्ही इंदिरानगरात राहणारी माणसं. मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या उशाशी. त्याच्यावरून मुंबईच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात पांडवलेण्यांचा डोंगर लागतो आणि पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक. लिओनेचा विचार करताना मला या शेजाराची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला आणि मनात म्हटलं, असं आपल्या देवांचं का नाही? यंत्र परकं, तंत्र परकं, गोष्ट आपली. १९१३च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' आला आणि पुढे फाळके कामासाठी नाशिकला आले. लिओनेनं उलटं केलं. गोष्ट परकी घेतली, पण सांगण्याची रीत आपली ठेवली. चौकात रंगणारं इटालियन ऑपेरा, चर्चमधले ऑर्गन, मिरवणुकीची संथ गती. त्याचे वडीलही मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक, आणि त्यांनीही एक वेस्टर्न केला होता, तोही १९१३ सालीच. आई त्यात नायिका होती.

काटकसरीचंही साम्य आहे. सरस्वतीबाई फाळके अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडत, ही हकिगत आपण शाळेपासून ऐकत आलो. लिओनेचा कॅमेरामनही भोकांचाच हिशेब करत होता. नेहमीच्या फिल्मवर एका चित्रासाठी चार भोकांइतकी लांबी लागते. 'टेक्निस्कोप' नावाच्या पद्धतीत दोनच भोकं लागत. चित्र रुंद मिळे आणि फिल्म निम्मी लागे. पडद्यावर जो भव्य, पसरट माळ आपण पाहतो, तो अर्ध्या फिल्मवर टिपलेला आहे.

गोष्ट जमिनीची आणि पाण्याची

चित्रपटाची कथा वरवर सूडाची आहे. माउथ ऑर्गनवाल्याला फ्रँक नावाच्या मारेकऱ्याकडून काहीतरी जुनं वसूल करायचं आहे. काय, ते शेवटच्या द्वंद्वापर्यंत कळत नाही आणि मी इथे सांगणार नाही. पण या सूडाखाली दुसरी गोष्ट वाहते आहे, ती जमिनीची.

मॅकबेन नावाचा एक आयरिश विधुर. भर वाळवंटात त्यानं एक तुकडा घेतलाय आणि नाव ठेवलंय 'स्वीटवॉटर', म्हणजे गोडं पाणी. लोक त्याला वेड्यात काढतात. मुलाबाळांसह तो कित्येक वर्षं तिथे खितपत पडलाय. पण त्याला एक गोष्ट कळलेली असते. रेल्वे पश्चिमेकडे येतेय, ती याच वाटेनं येणार, आणि आसपास पन्नास मैलांत वाफेच्या इंजिनाला पाजायला पाणी असेल तर ते याच्याच विहिरीत. रूळ पोचतील त्या दिवशी त्याच्या दारात स्टेशन उभं राहणार, स्टेशनाभोवती गाव वसणार. त्यानं करारही केलाय. अट एकच : रूळ येण्यापूर्वी स्टेशन बांधून झालं पाहिजे.

आणि ही गोष्ट रेल्वेचा मालक मॉर्टन यालाही कळते. तो फ्रँकला सांगतो, जरा घाबरव त्याला. फ्रँकची घाबरवण्याची पद्धत म्हणजे सगळं घर संपवणं. न्यू ऑर्लिन्सहून त्याच दिवशी मॅकबेनची नवी बायको जिल येते. स्टेशनवर घ्यायला कुणी नाही. घरी पोचते तर अंगणात लग्नाच्या जेवणासाठी मांडलेल्या टेबलांवर चार प्रेतं. इथून चित्रपट तिचा होतो.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ही कथा परकी वाटू नये. जमीन दाखवायला नेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, पाणी आहे का? आणि दुसरा, रस्ता कुठून जातो? १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि १८६५ साली ती थळ घाट चढून इगतपुरीला आली. पुढे नाशिक गावापासून सात-आठ किलोमीटरवर स्टेशन झालं, आणि त्या स्टेशनाभोवती नाशिकरोड नावाचं एक दुसरंच गाव उभं राहिलं. मधलं अंतर तोडायला १८८९ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. आमचं इंदिरानगरच घ्या. जिथे आज आमच्या इमारती आहेत, तिथे वडाळा-पाथर्डीकडची शेतं होती. महामार्ग होता म्हणून वस्ती सरकत आली आणि शेताचे प्लॉट झाले. आज बोगद्यापाशी गाड्यांच्या रांगेत अडकून हॉर्न वाजवणाऱ्यांतल्या फार थोड्यांना आपण कुणाच्या बांधावर उभे आहोत हे ठाऊक असेल. अलीकडे इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांनी समृद्धी महामार्ग येताना पाहिला. तो २०२५च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. प्रवास सोपा झाला, यात शंका नाही. पण रस्ता कुठून जाणार हे आधी कुणाला कळतं, आणि सर्वांत शेवटी कुणाला, या प्रश्नावर किती घरांचं नशीब फिरतं, हे आपल्या खेड्यांतल्या लोकांना विचारा. लिओनेचा चित्रपट नेमका याच प्रश्नावर उभा आहे. मॅकबेनला आधी कळलं म्हणून तो मेला, आणि जिलला कळलं नाही म्हणून ती घर विकून परत जायला निघाली होती.

लिओनेनं प्रगतीला शिव्या दिलेल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच्याकडे रेल्वे हा राक्षस नाही आणि देवदूतही नाही. मालक मॉर्टनसुद्धा सरधोपट खलनायक नाही. हाडांच्या क्षयानं त्याचं शरीर गिळत आणलंय. कुबड्यांशिवाय चालता येत नाही. तो आपल्या रेल्वेच्या डब्यातच राहतो आणि डब्यात समुद्राचं एक चित्र लावलंय. मरण्यापूर्वी रूळ पॅसिफिक महासागरापर्यंत न्यायचे आणि तो समुद्र डोळ्यांनी पाहायचा, एवढी एकच त्याची इच्छा. शेवटी तो रुळांशेजारच्या चिखलातून सरपटत एका डबक्याशी पोचतो आणि तिथेच संपतो. पडद्यावर डबकं दिसतं, कानांवर लाटा येतात. इतक्या माणसांचं नुकसान केलेल्या या इसमाबद्दल त्या क्षणी घशाशी काहीतरी येतं, आणि आपलं आपल्यालाच नवल वाटतं.

नजरा आणि सूर

आता फ्रँकबद्दल. ही भूमिका लिओनेनं दिली हेन्री फोंडाला. अमेरिकन प्रेक्षकाच्या मनात फोंडा म्हणजे सज्जनपणाची मूर्ती. तरुण अब्राहम लिंकन त्यानंच साकारलेला, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मधला न्यायाची चाड असलेला ज्युरीही तोच. आपल्याकडे बलराज साहनींना गब्बरसिंग करावं, तसं हे. स्वतः फोंडा सांगत असे की, खलनायक दिसावा म्हणून तो तपकिरी लेन्स आणि मिशा लावून सेटवर आला. लिओनेनं दोन्ही काढायला लावलं. त्याला ते निळे, निर्मळ डोळेच हवे होते. मॅकबेनच्या अंगणात सगळे पडले आहेत, घरातून धावत आलेला लहान मुलगा तेवढा उभा आहे, झुडपांतून लांब कोटवाले पाच जण पुढे येतात, कॅमेरा म्होरक्याच्या पाठीमागून हळूहळू वळत त्याच्या तोंडाशी येतो, आणि तो हेन्री फोंडा निघतो. त्याचा चेहरा ओळखीचा असणाऱ्यांना त्या वेळी जो धक्का बसला असेल, त्याची आपण फक्त कल्पना करायची. तो मुलाकडे बघून किंचित हसतो. मग गोळीचा आवाज, आणि तोच आवाज आगगाडीच्या किंकाळीत मिसळतो. पुढच्या दृश्यात जिलची गाडी स्टेशनात शिरते आहे. एका आवाजात लिओनेनं दोन गोष्टी जोडल्या : खून कुणी केला, आणि कशासाठी.

संगीत एन्निओ मोरिकोनेचं. लिओने आणि मोरिकोने लहानपणी एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. या चित्रपटाची मुख्य धून चित्रीकरणाआधीच तयार होती आणि सेटवर ती वाजवून नटांना चालायला, वळायला लावत. आपल्याकडे गाण्याच्या चित्रीकरणाला हे नवीन नाही. पण इथे तर साधं चालणंही सुरावर होतं. प्रत्येक पात्राला स्वतःचा सूर आहे. शायेन या दिलदार दरोडेखोराला बँजोची दुडकी चाल. माउथ ऑर्गनवाल्याला तो जखमेसारखा सूर, आणि त्याच्या पाठोपाठ इलेक्ट्रिक गिटारचा कडकडाट. फ्रँक आला तरी हेच दोन सूर एकत्र येतात, कारण या दोघांचं भूतकाळात एकच मूळ आहे. आणि जिलला एदा देल्लोर्सो या गायिकेचा शब्दाविना आवाज. जिल स्टेशनवर वाट पाहून थकते, स्टेशनमास्तरच्या खोलीत जाते, पलीकडच्या दारानं बाहेर पडते. कॅमेरा खिडकीतून तिला पाहत असतो. मग तो भिंतीवरून, छपरावरून वर चढत जातो आणि पलीकडे बांधकामं सुरू असलेलं अख्खं गाव उलगडतं. नेमका त्याच क्षणी तो आवाजही वर चढतो. एका एकट्या बाईच्या पाठीमागून एक देश आकाराला येताना दिसतो. हे शब्दांत सांगता येत नाही, पण संगीतात सांगता आलं आहे.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. चित्रपट पावणेतीन तासांचा आहे आणि त्याची चाल बैलगाडीची आहे. अमेरिकेत वितरकांनी वीसेक मिनिटं कापली तरी तिथे तो फारसा चालला नाही. फ्रान्समध्ये मात्र तुफान चालला. दुसरा दोष अधिक गंभीर. ज्यांची ही भूमी होती, ते मूळ रहिवासी इथे जवळजवळ दिसतच नाहीत. मॅकबेनच्या आधी त्या पाण्यावर कुणाचा हक्क होता, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. आणि जिलला फ्रँकच्या ताब्यात जावं लागतं तो प्रसंग आज पाहताना अस्वस्थ करतो. तिची घृणा आणि तिची व्यवहारबुद्धी यांची तिथे सरमिसळ केली आहे, ती दिग्दर्शकाची नजर पुरुषाची असल्यामुळे. तरीही लिओनेच्या आधीच्या चित्रपटांत स्त्रीला जेमतेम जागा होती, हे लक्षात घेतलं तर क्लॉडिया कार्डिनालेनं उभी केलेली जिल ही फार पुढची पायरी आहे. पिस्तुलं चालवणारे सगळे पुरुष अखेर मरतात किंवा निघून जातात. उरते ती.

महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला

१९७५च्या १५ ऑगस्टला 'शोले' आला. रमेश सिप्पी आणि सलीम-जावेद यांनी लिओनेकडून काय काय घेतलं याची यादी चित्रपटप्रेमी हौसेनं करतात. लहानशा स्टेशनात येणारी गाडी घ्या. ठाकुराच्या कुटुंबाची हत्या घ्या. पाळण्याची ती करकर, वारा, शेवटी उरलेलं लहान पोर आणि समोर गब्बर. 'स्वीटवॉटर'चं अंगण इथे स्पष्ट ओळखू येतं. आणि माउथ ऑर्गन. पण उचललेल्या गोष्टीचं पुढे काय केलं, हे खरं पाहण्यासारखं असतं. लिओनेकडे माउथ ऑर्गन म्हणजे सूड. 'शोले'त जय संध्याकाळी ओसरीवर तो वाजवतो आणि समोर विधवा राधा एकेक दिवा मालवत जाते. भानू गुप्तांनी वाजवलेली ती धून सूडाची नाही, न बोललेल्या प्रेमाची आहे. वाद्य तेच, अर्थ पार बदलला. लिओनेनं कुरोसावाला जे केलं, तेच सिप्पींनी लिओनेला केलं, आणि फार प्रेमानं केलं.

गंमत अशी की ही साखळी आपल्या जिल्ह्यातच पुढे सरकली. आमच्या इंदिरानगरहून तोच महामार्ग उलट्या दिशेनं धरला की शंभर-एक किलोमीटरवर मालेगाव लागतं. यंत्रमागाच्या खडखडाटाचं गाव. तिथल्या नासिर शेख या तरुणानं २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. नट म्हणजे गावातलीच मंडळी, कुणी मागावर काम करणारा, कुणी दुकानात. पैसा इतका थोडा की घोडे परवडणार नाहीत, म्हणून डाकू सायकलींवर. कॅमेऱ्याची ट्रॉली म्हणूनही सायकलच, आणि क्रेन हवी तर बैलगाडी. लोक हसले, पोट धरून हसले, आणि तिकीट काढून हसले. फैझा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटातून हे वेड जगाला दाखवलं आणि २०२५ साली रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' पडद्यावर आला. टोकियोहून निघालेली एक रीत रोम, अल्मेरिया आणि रामनगरमार्गे मालेगावात आली आणि घोड्यावरून सायकलवर बसली. 'नक्कल' या एका शब्दात हे सगळं उडवून लावणाऱ्यांनी आधी एवढा प्रवास पाहावा. नक्कल करणारा मूळ वस्तूला घाबरून असतो. फाळके घाबरले नाहीत, लिओने घाबरला नाही आणि मालेगावची मंडळी तर मुळीच नाहीत.

शेवटी एक विनंती. हा चित्रपट पाहणार असाल तर कापलेली प्रत नको, पूर्ण पावणेतीन तासांची पाहा. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर तर मुळीच नको. सुरुवातीला कंटाळा येईल. येऊ द्या. तो थेंब टपटपतोय ना, तो ऐका. त्या टाकीखालच्या माणसाची हॅट हळूहळू भरते आणि गाडी यायच्या आधी तो ती काढून त्यातलं पाणी पिऊन टाकतो. पुढची सगळी गोष्ट त्या घोटभर पाण्यात आहे.

आणि शेवट पाहताना नायकाच्या पाठमोऱ्या आकृतीमागे जाऊ नका. तो घोड्यावरून निघून जातो, त्याला जाऊ द्या. स्वीटवॉटरला रूळ पोचले आहेत. उन्हात घाम गाळणारे शेकडो मजूर लोखंड अंथरताहेत. या माणसांना चित्रपटात नावं नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या घाटांत रेल्वे चढवताना पटकीनं, अपघातांनी जे हजारो मजूर गेले, त्यांची तरी नावं आपल्याला कुठे ठाऊक आहेत? जिल घरातून पाणी घेऊन बाहेर येते आणि त्या मजुरांमध्ये जाते. ज्या पाण्यासाठी एवढे मुडदे पडले, ते ती तहानलेल्यांना वाटते. एदा देल्लोर्सोचा आवाज पुन्हा वर चढतो. कॅमेरा दूर जातो आणि ती त्या गर्दीत मिसळून जाते.